पेंथेसिलियाची कुऱ्हाड

1493 साली न्यूरेंबर्गच्या अँटन कोबर्गरनं जगाचा सचित्र इतिहास छापला. त्यात ट्रॉयच्या युद्धात अकिलीसच्या हातून पडलेली, अ‍ॅमेझॉन नावाच्या लढवय्या स्त्रियांची राणी पेंथेसिलियाही आहे. ती ग्रीक दंतकथेतली. मग तिचा चेहरा आला कुठून?

लाकडी ठशातून. सपाट फळीवर चित्र उलटं उतरवायचं, कारण कागदावर डावं-उजवं पालटतं. मग रेषा तेवढ्या राखून बाकीचं लाकूड कोरून काढायचं. केसाएवढी रेष उभी ठेवायला तिच्या दोन्ही अंगांनी पातं चालवावं लागतं. हात जरा घसरला की नाकच गेलं. ठशाची उंची छपाईच्या खिळ्यांइतकीच, म्हणून मजकूर आणि चित्र एकाच दाबात उमटे.

एवढ्या मेहनतीचा ठसा एकदाच वापरणं परवडणार कसं? त्या ग्रंथात 1809 चित्रं आहेत, ठसे मात्र 645. तोच चेहरा वेगवेगळ्या राजांना, तेच शहर वेगवेगळ्या नावांनी.

असाच एक तयार ठसा आपल्या डोक्यातही असतो: शस्त्र दिसलं की पुरुष. सायबेरियातल्या तुवा प्रांतात, सारिग-बुलुन इथं 1988 साली सुमारे 2600 वर्षांपूर्वीची एक कबर उघडली. लार्च लाकडाची शवपेटी इतकी घट्ट बंद होती की आत हवा फिरलीच नाही, आणि कातडी, फर, लाकूड सगळं टिकलं. आत जेमतेम तेराएक वर्षांचं मूल. शेजारी धनुष्य, दहा बाणांचा भाता आणि लढाईची कुऱ्हाड. मणी नाहीत, आरसा नाही. मुलगाच म्हणून नोंद झाली. इतक्या लहान वयात कटीची हाडं मुलामुलींची सारखीच दिसतात, त्यामुळे सांगाड्यावरून खात्री होण्यासारखी नव्हती.

2020 मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी त्या अवशेषांतला डीएनए वाचला. वाय गुणसूत्राचा मागमूस नव्हता. ती मुलगी होती.

हे वाचलं तेव्हा मला प्लिनी आठवला. कुऱ्हाडीचा शोध पेंथेसिलियानं लावला, असं या रोमन लेखकानं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. ती गोष्ट अर्थातच खरी नाही. कुऱ्हाड त्याच्या हजारो वर्षं आधीची. पण ग्रीकांना ठाऊक असलेल्या शक लोकांचे भाऊबंद तुवाच्या गवताळ मैदानांत घोडे पळवत होते, आणि त्यांच्यातल्या कुणीतरी एका मुलीला पुरताना तिच्याजवळ कुऱ्हाड ठेवली होती.