किकर : बरोबरी मोडणारे सोबतचे पान

पोकरमध्ये दोन खेळाडूंची जुळणी सारखी निघाल्यास ज्या सुट्या पानावर निकाल लागतो, त्याला किकर म्हणतात. पोकरची जुळणी नेहमी पाच पानांची धरतात. एक जोडी असेल तर सोबत तीन किकर येतात, तीन सारखी पाने असतील तर दोन, आणि दोन जोड्या किंवा चार सारखी पाने असतील तर एक. स्ट्रेट (ओळीने पाच पाने), फ्लश (पाचही एकाच चिन्हाची, जसे सगळी इस्पिक) आणि फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी) यांत पाचही पाने जुळणीत गुंतलेली असतात, म्हणून तिथे किकर उरत नाही. स्ट्रेटमध्ये वरचे पान पाहतात, फ्लशमध्ये वरून खाली एकेक पान ताडतात, फुल हाउसमध्ये आधी तीन सारखी पाने आणि मग जोडी.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या मराठी खेळाडूला बरोबरी मोडण्याचे नियम लहानपणापासून ठाऊक असतात. गणपतीच्या जागरणात रंगणाऱ्या मेंढीकोटात दोन्ही बाजूंनी दोन-दोन दश्श्या नेल्या, तर ज्यांचे हात जास्त त्यांचा डाव. एकूण हात तेरा, त्यामुळे बरोबरी उरूच शकत नाही. मात्र पोकरकडे येणारा बहुतेक वेळा तीनपत्तीतून येतो, आणि घोटाळा होतो तो तिथल्या सवयींमुळे.

तीनपत्तीत जोडी सारखी निघाली की तिसरे पान बघायचे, एवढाच किकरचा कारभार. नव्वीच्या जोडीसोबत एक्का असलेला नव्वीच्या जोडीसोबत राजा असलेल्याला हरवतो. पण जोडी तशी दुर्मीळच: तीन पानांच्या शक्य २२,१०० वाटण्यांपैकी ३,७४४ जोडीच्या, तर १६,४४० नुसत्या मोठ्या पानाच्या. म्हणजे चारांतल्या जवळपास तीन वेळा हातात काहीच जमलेले नसते, आणि तिन्ही पाने वरून खाली ताडली जातात. तिन्ही सारखी निघाली तर प्रचलित नियमाने शो, म्हणजे पाने उघडी करायला, मागणारा हरतो. हा नियम कठोर वाटला तरी सोयीचा आहे, पैसे वाटत बसावे लागत नाहीत. काही बैठकांत इस्पिकाला मोठे मानून निकाल लावतात. तो घरगुती नियम, डाव सुरू होण्याआधी बोलून घेतलेला बरा.

पोकरमध्ये यातले काहीच चालत नाही. पाने सारखी निघाली तर पॉट, म्हणजे डावात जमलेले पैसे, सारखा वाटला जातो. शो कोणी मागितला याला किंमत नाही, आणि निकालात इस्पिक, बदाम, चौकट, किलवर सगळे एकाच मोलाचे.

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात गुंता वाढतो, कारण प्रत्येकाच्या हातात दोनच पाने असतात आणि मध्ये पाच सामाईक पडलेली असतात. या सातांतून उत्तम पाच निवडायची. मध्ये राणी, नव्वी, सत्ती, तिर्री, दुर्री आहेत. एकाकडे राणी-राजा, दुसऱ्याकडे राणी-गुलाम. दोघांचीही राण्यांची जोडी, पण राजावाला जिंकतो. किकर खऱ्या अर्थाने चालतो तो इथे.

आता मध्ये एक्का, राजा, दश्शी, नव्वी, चव्वी पडली. एकाकडे एक्का-सत्ती, दुसऱ्याकडे एक्का-पंजी. सत्तीवाला हात पुढे करून चिपा (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) ओढू लागतो, आणि डीलर पॉट अर्धा करतो. का? दोघांचीही उत्तम पाच पाने तीच: दोन एक्के, राजा, दश्शी, नव्वी. सत्ती आणि पंजी दोन्ही सहाव्या जागी, आणि सहावे पान हिशेबात नसते. तीन जोड्या झाल्या म्हणून हरखणाऱ्याचेही असेच होते. तिसरी जोडी म्हणून तिला किंमत नाही. तिच्यातले एखादे पान फार तर किकर म्हणून कामाला येते, तेही उरलेल्या सामाईक पानापेक्षा मोठे असेल तरच.

म्हणूनच जाणते खेळाडू एक्का-दुर्री, एक्का-तिर्री असल्या पानांना भीत असतात. एक्का जुळला तरी समोरच्याकडेही एक्का असू शकतो, आणि मग त्याचा किकर बहुधा मोठाच निघतो. एक्का-राजा विरुद्ध एक्का-राणी अशी पाने पहिल्या फेरीतच भिडली, तर राजावाला साधारण चारांतून तीन डाव नेतो. फरक एका पानाचा, तोही बाजूच्या. तीनपत्तीत एक्का आला की चाल वाढवण्याची सवय असलेल्याला हे पचायला वेळ लागतो.

कायद्याच्या नजरेतही हे दोन खेळ वेगळे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरवताना तीन पानांचा खेळ नशिबाचा म्हणून बाजूला काढला. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये क्लबात कौशल्याचा खेळ म्हणून खेळल्या जाणाऱ्या पोकरला परवान्याची गरज नसल्याचे म्हटले. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर मात्र २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, कौशल्याचा खेळ असो वा नशिबाचा. बेळगावहून चोर्ला घाटातून उतरून पणजीला मांडवीतल्या कॅसिनोंत जाणाऱ्यांसाठी गोव्याचा कायदा निराळा.

पॉट वाटताना एखादी चिप उरते. होल्डेममध्ये ती डीलर बटणाच्या (वाटपाची पाळी दाखवणाऱ्या चकतीच्या) डावीकडे सर्वांत जवळ बसलेल्या वाटेकऱ्याला देतात. सामाईक पाने नसलेल्या स्टड प्रकारात मात्र ती वाटेकऱ्यांतल्या सर्वांत मोठ्या पानावर जाते, आणि तिथेही बरोबरी झाली तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या क्रमाने. इस्पिकाला मान मिळतो तो एका चिपेपुरता.