एड.डी. : प्रौढशिक्षण आणि शाळासुधारणेतील डॉक्टरेट

एड.डी. : शिक्षणक्षेत्रातली नोकरी सांभाळून, बहुतेक वेळा त्या नोकरीतल्याच एखाद्या अडचणीवर संशोधन करून मिळवायची डॉक्टरेट. पूर्ण नाव ‘डॉक्टर ऑफ एज्युकेशन’. मुख्याध्यापक, जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी, कम्युनिटी कॉलेजातले (दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक कॉलेजांतले) प्राध्यापक, साक्षरता वर्गांचे संयोजक, नर्सिंगच्या किंवा कामगारांच्या प्रशिक्षणातली माणसे हा तिचा विद्यार्थिवर्ग. वर्ग संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी भरतात. आता बरेचसे ऑनलाइन. पदवी मूळची अमेरिकेतली. ब्रिटनमध्ये ती ब्रिस्टल विद्यापीठाने 1992 मध्ये सुरू केली. तिच्या अनेक शाखांपैकी दोन इथे घेतल्या आहेत : प्रौढशिक्षण आणि शाळासुधारणा. एक शाळा सोडून गेलेल्यांची, दुसरी शाळेत असलेल्यांची. दोन्ही एकाच छपराखाली कशा आल्या, हाच या पदवीच्या इतिहासातला रंजक भाग आहे.

न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात 1893 मध्ये शिक्षणशास्त्रातली पहिली पीएच.डी. दिली गेली. हे कॉलेज कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेले. (कोलंबिया म्हटले की मराठी वाचकाला डॉ. आंबेडकर आठवतात. 1913 ते 1916 या काळात ते तिथे शिकत होते आणि शिक्षणाचे तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या तासांना बसत होते. मात्र त्यांचा विषय शिक्षणशास्त्र नव्हता.) हार्वर्डने 1920 मध्ये शिक्षणाची वेगळी पदव्युत्तर शाखा काढली आणि पीएच.डी.ऐवजी एड.डी. द्यायला सुरुवात केली. शाळा चालवणाऱ्या माणसाला डॉक्टर किंवा वकिलासारखी आपल्या पेशाची पदवी हवी, हा त्यामागचा हेतू. टीचर्स कॉलेजानेही 1934 मध्ये एड.डी. आणली. पण हेतू कागदावर राहिला. अनेक विद्यापीठांत दोन पदव्यांमधला फरक उरला तो एवढाच, की पीएच.डी.ला परकी भाषांची परीक्षा द्यावी लागे, एड.डी.ला नाही. प्राध्यापक तेच, तास तेच, प्रबंधाचा साचाही तोच. पुढे शंभर वर्षे चाललेल्या भांडणाचे मूळ इथे आहे.

प्रौढशिक्षण हा विद्यापीठाचा विषय झाला तो 1920च्या दशकात. कार्नेगी कॉर्पोरेशन या देणगीदार संस्थेच्या पैशावर 1926 मध्ये अमेरिकेत प्रौढशिक्षणाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. टीचर्स कॉलेजातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1928 मध्ये दाखवून दिले, की वयाबरोबर शिकण्याची क्षमता घटते ती फार सावकाश. ‘पिकल्या पानाला काय शिकवायचे’ या समजुतीला तोवर कुणी आकड्यांनी उत्तर दिले नव्हते. 1930 मध्ये त्याच कॉलेजात प्रौढशिक्षणाचा विभाग निघाला आणि 1935 मध्ये या विषयातल्या पहिल्या दोन डॉक्टरेट तिथून बाहेर पडल्या. शिकागो विद्यापीठात सिरिल हूल यांनी दुसरे मोठे केंद्र उभे केले. त्यांचे विद्यार्थी माल्कम नोल्स यांनी ‘अँड्रागॉजी’ हा शब्द अमेरिकेत रुजवला. मुलाला शिकवणे वेगळे आणि मोठ्या माणसाला शिकवणे वेगळे. मोठ्या माणसापाशी अनुभवाची शिदोरी असते, आणि कशासाठी शिकायचे हे कळल्याशिवाय तो बसत नाही, असे त्यांचे म्हणणे. ही वाटणी जरा जास्तच सरळ आहे. मुलांनाही ‘हे कशाला?’ विचारायचे असते. त्यांना विचारू दिले जात नाही, इतकेच.

जॅक मेझिरो त्याहून खोल गेले. टीचर्स कॉलेजातल्या या प्राध्यापकांची पत्नी मध्यम वयात पुन्हा कॉलेजला गेली आणि त्या शिक्षणाने तिच्यात झालेला बदल ते घरातच पाहत होते. मग अशा कॉलेजात परतलेल्या 83 स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांना आढळले, की या स्त्रिया नुसते नवे विषय शिकल्या नव्हत्या. घर, नवरा, नोकरी, आपली जागा यांबद्दल गृहीत धरलेल्या गोष्टी त्यांनी एकेक करून तपासल्या होत्या. सुरुवात बहुधा एखाद्या गोंधळात टाकणाऱ्या प्रसंगाने होई. 1978 मध्ये मांडलेल्या या विचाराला पुढे ‘परिवर्तनशील अध्ययन’ म्हटले जाऊ लागले. मेझिरो यांनीच 1981 च्या सुमारास ‘एजिस’ नावाचा एड.डी. अभ्यासक्रम सुरू केला. महिन्यातून एकदा शुक्रवार-शनिवार आणि उन्हाळ्यात सलग तीन आठवडे असे वर्ग. सगळी तुकडी एकत्र आत येणार, एकत्र पुढे जाणार. प्रौढशिक्षण शिकवणाऱ्यांनी आपल्या विद्यार्थ्यांनाही प्रौढच मानले, हे इथे प्रथम नीट दिसते.

शाळासुधारणेची कथा वेगळ्या टोकाने सुरू होते. 1966 मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा सरकारी अहवाल आला. लाखो विद्यार्थ्यांच्या पाहणीतून त्याने सांगितले, की मुलाच्या यशावर शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव मोठा. याचा सोयीस्कर अर्थ ‘शाळा काय करणार?’ असा काढला गेला. हार्वर्डचे रॉन एडमंड्स यांनी 1979 मध्ये उलट बाजूने प्रश्न विचारला : गरीब वस्तीतही मुले चांगली शिकतात अशा शाळा आहेतच, त्या वेगळे काय करतात? शिकवण्याकडे लक्ष देणारा मुख्याध्यापक, मुलांकडून ठाम अपेक्षा, शिस्तशीर वातावरण, प्रगतीची नियमित तपासणी अशी लक्षणे त्यांनी दाखवली. पण चांगल्या शाळेची लक्षणे कळली म्हणून वाईट शाळा चांगली होत नाही. नाडी पाहणे आणि औषध देणे यांत अंतर असते. पुढची दोन दशके संशोधक त्या अंतरात अडकून पडले.

वाट निघाली ती अशी : शाळेत शिकायला हवे असे पहिले गिऱ्हाईक शिक्षकच. शिक्षण-संशोधक अँथनी ब्रिक आणि सहकाऱ्यांनी शिकागोच्या प्राथमिक शाळा अनेक वर्षे पाहिल्या. सुधारलेल्या शाळांत शिक्षक एकमेकांचे तास बघत, एकमेकांवर विश्वास ठेवत, पालकांशी बोलत. म्हणजे शाळेतली मोठी माणसे शिकत होती. प्रौढशिक्षणाचा सगळा खजिना, अनुभवातून शिकणे, गृहीतके तपासणे, बरोबरीच्यांच्या गटात शिकणे, इथे उपयोगी पडला आणि दोन शाखा एकत्र आल्या.

तोवर पदवीची पत मात्र घसरली होती. टीचर्स कॉलेजाचे तेव्हाचे अध्यक्ष आर्थर लेव्हिन यांनी 2005 च्या अहवालात शाळाप्रमुखांसाठीची एड.डी. सरळ बंद करा, असे सुचवले. त्याऐवजी एमबीएसारखी एक पदव्युत्तर पदवी पुरे. जी संस्था वर्षानुवर्षे एड.डी. देत आली तिच्याच प्रमुखाचे हे म्हणणे. 2006 मध्ये शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले : पदवी मोडू नका, तिला तिचे काम द्या. ‘पातळ केलेली पीएच.डी.’ हे दुखणे त्यांनीही कबूल केले. 2007 मध्ये कार्नेगी फाउंडेशनच्या पुढाकाराने सुमारे 25 विद्यापीठे एकत्र येऊन या पदवीची नव्याने मांडणी करू लागली. ही संख्या नंतर शंभरावर गेली. हार्वर्डने 2010 मध्ये शिक्षणनेतृत्वाची तीन वर्षांची वेगळी डॉक्टरेट काढली, तिचे शेवटचे वर्ष एखाद्या शाळाव्यवस्थेत प्रत्यक्ष काम करण्यात जाते. जुनी एड.डी. मात्र तिथे थांबली आणि 2014 पासून पीएच.डी. सुरू झाली. जिथून सुरुवात झाली तिथेच ती मिटली.

नव्या मांडणीत सर्वांत जास्त बदलला तो प्रबंध. त्याला ‘व्यवहारातील प्रबंध’ म्हणतात. पीएच.डी.चा विद्यार्थी आधीच्या संशोधनात राहिलेली फट शोधतो, एड.डी.चा विद्यार्थी आपल्या कचेरीतली गळती. उदाहरण घेऊ. एका हायस्कूलच्या उपमुख्याध्यापिकेला दिसते, की नववीतली बरीच मुले बीजगणितात नापास होतात. शिक्षकखोलीतले उत्तर तयार असते : पाया कच्चा. ती मार्कांऐवजी आधी हजेरीपट उघडते. नापास मुलांपैकी बरीच पहिल्या तासाला गैरहजर किंवा उशिरा आलेली. बीजगणित पहिल्या तासाला. आणि एका वस्तीतून येणारी बस रोज घंटेनंतर पोचणारी. मग माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती काढायची, एकच कारण निवडायचे, एकाच तुकडीत तीन आठवडे तास बदलून बघायचा, मोजायचे, फसले तर पुन्हा आखायचे. ही ‘आखा, करा, तपासा, सुधारा’ची फेरी मुळात कारखान्यातली, मालाच्या गुणवत्तेचे जाणकार वॉल्टर शूहार्ट आणि डेमिंग यांच्याकडून ती रुग्णालयांमार्गे शाळेत आली. प्रबंधात फसलेल्या फेऱ्याही लिहायच्या असतात. परीक्षकांपैकी एखादा विद्यापीठाबाहेरचा, कामातला माणूस असतो. कच्चा दुवाही इथेच आहे : स्वतःच्याच शाळेवर संशोधन करणारी वरिष्ठ व्यक्ती हाताखालच्या शिक्षकांच्या मुलाखती घेते, तेव्हा समोरचा खरे किती बोलेल?

या पदवीची सर्वांत गाजलेली मानकरी म्हणजे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांच्या पत्नी जिल बायडेन. कम्युनिटी कॉलेजात शिकवत असतानाच त्यांनी 2007 मध्ये डेलावेअर विद्यापीठाची एड.डी. मिळवली; विषय होता अशा कॉलेजातली विद्यार्थ्यांची गळती. डिसेंबर 2020 मध्ये एका वृत्तपत्रीय लेखात त्यांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असा सल्ला दिला गेला आणि मोठी झोंबाझोंबी झाली. बास्केटबॉलपटू शकील ओ’नील यांनीही 2012 मध्ये बॅरी विद्यापीठातून ही पदवी घेतली. त्यांच्या वेळी कुणी फारसे डिवचले नाही.

भारतात शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट म्हणजे पीएच.डी.च. पेट (प्रवेशपरीक्षा), कोर्सवर्क, सिनॉप्सिस, प्रगती अहवाल, व्हायवा (तोंडी परीक्षा) आणि शेवटी शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) प्रबंध, असा तिचा रस्ता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षे, आणि कोर्सवर्क किमान 12 श्रेयांकांचे. नोकरी करणाऱ्याला अर्धवेळ करता येते, मात्र त्यासाठी संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. प्रौढ व निरंतर शिक्षणाच्या विभागांचे नाव अनेक विद्यापीठांत आता ‘आजीवन अध्ययन व विस्तार’ झाले आहे.

महाराष्ट्रात मात्र प्रौढशिक्षण आणि शाळा हे दोन्ही धागे अशा पदवीवाचूनच जुळले होते. सातारा जिल्ह्यात 1959 मध्ये सुरू झालेल्या ग्राम शिक्षण मोहिमेत दिवसा मुलांना शिकवणारे प्राथमिक शिक्षकच प्रौढांचेही वर्ग घेत, आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी 1948 मध्ये मुंबईत स्थापलेली भारतीय शिक्षण संस्था 1976 मध्ये पुण्यात आली आणि तिथे शिक्षणातल्या पीएच.डी.चे काम चालले. त्यांच्या पत्नी, शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक फुलब्राइट शिष्यवृत्तीवर कोलंबियात संशोधन करून आलेल्या. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत, दिवसा गुरे राखणाऱ्या आणि धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुलामुलींसाठी या संस्थेने संध्याकाळचे वर्ग चालवले. वेळ शाळेच्या घंटेवर नव्हे, गुरे गोठ्यात परतण्यावर ठरे.