वजन उतरवायचे, पण किती?

वजन कमी करण्याचा निश्चय बहुधा एखाद्या आकड्यापासून सुरू होतो आणि तो आकडा बहुधा लग्नाच्या अल्बममधून आलेला असतो. आज ८० किलो वजन असलेल्या गृहस्थांना पुन्हा ६० किलोंचे व्हायचे असते, आणि तेही दिवाळीच्या आत. वैद्यकशास्त्र मात्र सुरुवातीला यापेक्षा बरेच लहान ध्येय सुचवते. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे या गृहस्थांच्या बाबतीत ४ ते ८ किलो, एवढे वजन उतरले तरी रक्तदाब आणि रक्तातील साखर यांत फरक दिसू लागतो.

या लहान आकड्यामागे भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ जणांवर झालेल्या ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. तिच्यातील एका गटाला दोनच उद्दिष्टे दिलेली होती: वजनात किमान ७ टक्के घट आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम. सहा महिन्यांच्या सुमारास निम्म्याच लोकांना वजनाचे उद्दिष्ट गाठता आले आणि शेवटच्या भेटीपर्यंत ते टिकवणारे ३८ टक्केच उरले. तरीही औषध नसलेली, नुसती दिसायला गोळी घेणाऱ्या गटाच्या तुलनेत या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होते, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध घेणाऱ्यांमध्ये ते ३१ टक्क्यांनी कमी आढळले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत तर आहार आणि व्यायामाच्या गटातील लोकांचे वजन फारसे घटले नव्हते, पण मधुमेहाचा धोका मात्र २८.५ टक्क्यांनी कमी झाला होता. काट्यावर न दिसणारा लाभही होत असतो, हे ध्येय ठरवताना लक्षात ठेवावे.

आता वेगाविषयी. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग सुरक्षित मानला जातो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक साठलेले असतात, म्हणून रोज ५०० उष्मांक कमी घेतले की आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरेल, असा हिशेब सर्रास मांडला जातो. पहिल्या काही आठवड्यांच्या अंदाजापुरता तो ठीक आहे, पण हाच हिशेब वर्षभर चालवला तर जवळपास २४ किलो घट निघते आणि तसे क्वचितच घडते. शरीर हलके झाले की त्याला चालवायला ऊर्जाही कमी लागते, शिवाय भूक वाढते. अमेरिकी संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या गणितानुसार, रोजच्या आहारात सुमारे २४ उष्मांकांची कायमची कपात केल्यास अखेरीस एक किलो वजन उतरते, मात्र त्यातला अर्धा भाग उतरायला सुमारे एक वर्ष लागते. चौथ्या-पाचव्या महिन्यात काटा अडला, तर तो निश्चयाचा दोष नसतो.

उलट पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून हुरळूनही जाऊ नये. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. खाणे कमी होताच हा साठा आणि त्याबरोबरचे पाणी निघून जाते आणि पोटभर जेवताच परत येते.

कपात कुठे करावी, याचे उत्तर महाराष्ट्रीय घरात बहुधा तेलाच्या डब्यात सापडते. माणशी महिन्याला एक लिटर तेल लागत असेल, तर त्यातून रोज सुमारे २७० उष्मांक पोटात जातात. तेच ६०० मिलिलिटरवर आणले, तर ताटातील एकही पदार्थ न वगळता रोजचे शंभरावर उष्मांक वाचतात. महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत हे मोजता येते, म्हणून ‘कमी तेलकट खाईन’ यापेक्षा असे ध्येय मला अधिक पटते. साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेल्या उपवासांविषयी काय बोलावे? ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कोणा आहारतज्ज्ञाने केलेली नाही.

व्यायामाकडून मात्र चुकीची अपेक्षा केली जाते. तासभर झपझप चालून खर्च होणारे सुमारे ३०० उष्मांक एका वडापावात भरून निघतात. व्यायामाचे खरे काम वेगळे आहे. नुसत्या उपासमारीने उतरलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसून स्नायूंसारख्या ऊतींचा असू शकतो. आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा वजने उचलण्यासारखा ताकदीचा व्यायाम आणि प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही किंवा अंडे असेल, तर ही झीज कमी होते. उतरलेले वजन टिकवण्यातही नियमित चालण्याचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे आणखी एक आकडा पाहावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक (बीएमआय) २२.३ असा तंतोतंत सारखा होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. भारतीयांसाठी हा निर्देशांक २३च्या वर गेला की वजन जास्त मानतात, ते याच कारणाने. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावून हा घेर महिन्यातून एकदा मोजावा आणि वजनाशेजारी लिहून ठेवावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आहार घटवण्याआधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा तपासून घ्यावी, कारण जुन्याच मात्रेने साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.