विसावा (ख्रिस्ती धर्मकल्पना)

कष्ट, काळजी, शोक आणि पापाची टोचणी यांनी वाकलेल्या माणसाला येशू ख्रिस्तावरील विश्वासाने लाभणारी जिवाची स्वस्थता. या कल्पनेचा मुख्य आधार मत्तयकृत शुभवर्तमान ११:२८–३० हा आहे. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो’ या हाकेने सुरू होणाऱ्या या तीन वचनांत येशू विसावा देण्याचे अभिवचन देतो आणि लगेच आपले जू मानेवर घेण्यास सांगतो. ओझे उतरणे आणि जू चढणे या दोन्ही गोष्टी एका दमात आल्या आहेत. त्यांपैकी पहिलीच तेवढी उचलणाऱ्या शिकवणुकी चर्चच्या इतिहासात पुनःपुन्हा वादात सापडल्या.

जुन्या करारात विसावा आधी देवाचा आहे. सहा दिवसांच्या निर्मितीनंतर सातव्या दिवशी तो थांबतो (उत्पत्ती २:२). शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा सातवा दिवस) पाळण्याची आज्ञा दोन ठिकाणी येते आणि तिची कारणे वेगवेगळी आहेत : निर्गम २०:८–११ मध्ये सृष्टीची निर्मिती, तर अनुवाद ५:१२–१५ मध्ये मिसरातील गुलामगिरीतून झालेली सुटका. दुसऱ्या पाठात दास, दासी, बैल, गाढव आणि परका यांनाही विसावा मिळावा असे स्पष्ट सांगितले आहे, म्हणजे विसावा हा येथे राबणाऱ्याचा हक्क ठरतो. मोशेला ‘मी तुला विसावा देईन’ असे देव सांगतो (निर्गम ३३:१४). उलट स्तोत्र ९५ मध्ये अरण्यात हट्ट करणारी पिढी त्या विसाव्याला मुकते.

मत्तयातील वचनांचे मूळ वादग्रस्त आहे. त्यांच्या आधीची पित्याची उपकारस्तुती (११:२५–२७) लूक १०:२१–२२ मध्ये जवळजवळ शब्दशः आढळते, पण ही तीन वचने लूकमध्ये नाहीत. लूकने ती गाळली की मत्तयाने दुसरीकडून आणून जोडली, हा प्रश्न त्यातून निघतो. जर्मन अभ्यासक एडुआर्ट नॉर्डेन याने १९१३ मध्ये असे मांडले की, उपकारस्तुती, प्रकटीकरण आणि आमंत्रण असा हा त्रिखंडी साचा असून सीराखच्या ग्रंथाच्या (यहुदी बोधवचनांचा संग्रह) ५१व्या अध्यायातही तोच दिसतो. सीराखचा ग्रंथ सामान्यतः इ. स. पू. १८० च्या सुमाराचा मानतात. ग्रंथकर्त्याच्या नातवाने केलेले ग्रीक भाषांतर इ. स. पू. १३२ नंतरचे आहे. त्यात गुरू अशिक्षितांना जवळ बोलावतो, मान जुवाखाली द्यायला सांगतो आणि आपण थोडे कष्ट करून पुष्कळ विसावा मिळवला असे म्हणतो (५१:२३–२७). हे साम्य नाकारता येत नाही. मात्र मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे १९५६ मध्ये सापडलेल्या स्तोत्रांच्या गुंडाळीत याच अध्यायातील १३व्या ओवीपासूनचा वर्णानुक्रमी काव्यभाग स्वतंत्रपणे आला आहे. म्हणजे सीराखचा तो अध्यायच सलग रचना नसावा, आणि नॉर्डेनच्या साच्याचा आधार त्यामुळे बराच ढिला पडतो. शिवाय एक फरक महत्त्वाचा आहे : सीराखचा गुरू स्वतःला मिळालेला विसावा दाखवतो, येशू तो स्वतः देतो.

१९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे कॉप्टिक भाषेत सापडलेल्या, बायबलबाहेरच्या थोमाच्या शुभवर्तमानातील ९०वे वचन हे याच उक्तीचे आखूड रूप आहे. काही अभ्यासक ते अधिक जुने समजतात. पण त्यात कष्टी आणि भाराक्रांत लोकांचा उल्लेखच नाही, ‘माझ्यापासून शिका’ हा भागही नाही, आणि विसावा हा त्या ग्रंथाचा लाडका विषय आहे. ते रूप नंतर छाटले गेले असावे हे मत अधिक पटण्याजोगे आहे. ‘तुमच्या जिवास विश्रांती मिळेल’ हे शब्द यिर्मया ६:१६ मधून आले आहेत. तेथे ग्रीक भाषांतरात विश्रांतीऐवजी शुद्धीकरणाचा अर्थ आहे, तर मत्तय हिब्रू पाठाशी जुळतो. उक्तीची घडण हिब्रू शास्त्र जाणणाऱ्या वर्तुळात झाली असावी, असे त्यावरून दिसते.

जू ही प्रतिमा यहुदी परंपरेत शास्त्राच्या शिस्तीसाठी रूढ होती. जो तोराचे (मोशेच्या नियमशास्त्राचे) जू स्वीकारतो त्याच्यावरून राजसत्तेचे आणि संसाराच्या काळजीचे जू काढले जाते, असे मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहातील आवोत हे प्रकरण (३:५) सांगते. तेव्हा जुवाने विसावा मिळतो हा विचार येशूच्या श्रोत्यांना अनोळखी नव्हता. तोरा म्हणजे निव्वळ ओझे, असे जुन्या ख्रिस्ती टीकाकारांनी लिहिले ते अन्यायाचे आहे. शास्त्रात रमणाऱ्याचा आनंद स्तोत्र ११९ मध्ये भरभरून आला आहे. मत्तयाचा रोख लोकांच्या खांद्यांवर जड ओझी लादून त्यांना बोटही न लावणाऱ्या शास्त्र्यांवर आहे (२३:४), आणि ११व्या अध्यायाला लागूनच शब्बाथ दिवशी कणसे मोडण्याचा व वाळलेल्या हाताचा माणूस बरा करण्याचा वाद येतो. येशू नांगर व जुवे बनवीत असे, ही परंपरा दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टिर नोंदवतो. जुवाची दुसरी बाजू स्वतः ख्रिस्त ओढतो, हे प्रवचनांतून नेहमी ऐकू येणारे स्पष्टीकरण सुंदर असले तरी वचनात तसे म्हटलेले नाही. वचन सांगते ते इतकेच की हा धनी सौम्य आणि लीन आहे.

इब्री लोकांस पत्राचे ३रे व ४थे अध्याय स्तोत्र ९५ चा आधार घेऊन देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा अजून राहिला आहे असे सांगतात. या कल्पनेची मुळे एर्न्स्ट केझेमान याने १९३९ मध्ये ज्ञानवादी विचारात (गूढ ज्ञानाने मुक्ती मिळते असे मानणाऱ्या प्राचीन पंथांत) शोधली. ओट्फ्रीड होफियुस याने १९७० मध्ये ती यहुदी युगांत-साहित्यात (जगाच्या शेवटाविषयीच्या लेखनात) दाखवली. आज दुसऱ्या मताकडे कल अधिक आहे. विसावा आता मिळतो की शेवटी, या प्रश्नावर पत्रातच दोन सूर आहेत : विश्वास ठेवणारे त्यात येत आहेत (४:३) आणि त्यात येण्याची त्यांनी शिकस्त करावी (४:११).

ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात (सुमारे ३९७–४००) माणसाचे हृदय देवामध्ये विसावेपर्यंत अस्वस्थच असते असे म्हटले आहे. पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर या एका वाक्याचा ठसा मोठा आहे. पूर्वेकडे अंतःकरणाच्या निःशब्दतेची साधना वाढली. ग्रीक साधू ग्रेगरी पालामास याने तिचा केलेला पुरस्कार कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मसभांनी १३४१ ते १३५१ या काळात मान्य केला. कॅथलिक पंथात मिगेल दे मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूने आत्म्याच्या संपूर्ण निष्क्रियतेचा मार्ग सांगितला. त्याची ६८ विधाने पोप अकरावा इनोसंट याने १६८७ मध्ये दोषी ठरवली. मोहाचा प्रतिकार व सत्कृत्यांचा प्रयत्नही सोडावा, अशा टोकाला ती शिकवण जाते, हा मुख्य आक्षेप होता. मार्टिन ल्यूथरच्या मांडणीत विसाव्याचा अर्थ आपल्या पुण्यकर्मांवर भिस्त ठेवणे थांबवणे, असा होतो.

प्रत्यक्ष आचरणात ओझे देवाला सांगण्याचा सर्वांत जुना नमुना विलापस्तोत्रांचा आहे. स्तोत्र १३ ची सहा वचने त्यासाठी पुरेशी आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, पुढील दोनांत नेमकी मागणी आहे, शेवटच्या दोनांत भरवसा आणि गीत. तक्रार उरकून थेट भरवशावर उडी मारणे ही येथे होणारी नेहमीची चूक. मग भरवसा ओठांवर राहतो आणि ओझे होते तेथेच राहते. ‘माझ्या चिंता घे’ अशी मोघम प्रार्थनाही फारशी कामाला येत नाही. कर्ज, आजार, भांडण, जे असेल ते नावानिशी सांगावे लागते.

येशूसंघाचा (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला याने घालून दिलेल्या दैनिक आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत : मिळालेल्या कृपेबद्दल आभार, पाप ओळखण्याची कृपा मागणे, उठल्यापासूनचा दिवस तासातासाने पाहणे, क्षमायाचना, आणि सुधारण्याचा निश्चय करून प्रभूची प्रार्थना. आभार आधी येतात याला कारण आहे. ते वगळले की परीक्षणाचा खटला होतो. कॅथलिक प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप, पापनिवेदन व भरपाई हा निवेदकाचा वाटा, आणि पापमुक्ती धर्मगुरूच्या मुखातून. वर्षातून किमान एकदा निवेदनाचा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने घातला. यातील मोठा धोका अतिसंशयाचा, म्हणजे पाप नीट सांगितले गेले नाही या सततच्या शंकेचा आहे. इग्नेशियस स्वतः १५२२ मध्ये स्पेनमधील मानरेसा येथे जुनीच पापे पुनःपुन्हा निवेदन करीत राहिला, तरी मन शांत होईना. अगदी स्पष्ट आठवेल तेवढेच सांग, असे सांगण्यात आले, पण त्याला सारेच स्पष्ट आठवत होते. जुनी पापे पुन्हा न सांगण्याचा निश्चय केल्यावरच तो सुटला.

ओझे एकट्याने देवापुढे न्यायचे असते असेही नाही. गलतीकरांस पत्र ६:२ एकमेकांची ओझी वाहण्यास सांगते, तर ६:५ प्रत्येकाने आपला भार वाहावा म्हणते. शोक, गरिबी, मोह वाटून घेता येतात. देवापुढची जबाबदारी वाटता येत नाही, असा यांचा मेळ बहुतेक टीकाकार घालतात. याकोबाचे पत्र ५:१४–१६ आजाऱ्याने वडीलमंडळाला बोलावणे, तेल लावून प्रार्थना आणि एकमेकांजवळ पापांची कबुली यांना एकत्र ठेवते.

थकव्याला अविश्वास समजणे हा सर्वांत घातक गोंधळ होय. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही. तो झोपतो, त्याला भाकर व पाणी मिळते, तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. देवाची वाणी त्यानंतर बऱ्याच अवधीने येते. इजिप्तच्या वाळवंटातील साधू-लेखक इव्हॅग्रियस (मृत्यू ३९९) याने एकांतवासी साधूंना भरदुपारी घेरणाऱ्या उदासीचे बारीक वर्णन केले आहे : सूर्य हलत नाहीसा वाटतो, साधू खिडकीशी जातो, कोणी भेटायला येते का पाहतो. मात्र दीर्घ नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार हवेत. प्रार्थना कमी पडली असे रुग्णाला सांगणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक ओझे ठेवणे.

ओझे उतरेलच असे नवा करारही म्हणत नाही. शरीरातील काटा काढावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले (२ करिंथ १२:८–९). स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, आणि ते प्रार्थनेच्या ग्रंथात तसेच ठेवले आहे.

मरणोत्तर विसाव्याचा उल्लेख प्रकटीकरण १४:१३ मध्ये आहे : प्रभूमध्ये मरणारे आपल्या कष्टांपासून सुटून विसावा पावतात. लॅटिन मृतोपासनेतील चिरविश्रांतीच्या विनवणीचे शब्द मात्र एज्राच्या चौथ्या ग्रंथाच्या (२:३४–३५) आधाराने घडले आहेत. हा ग्रंथ कॅथलिक शास्त्रसंग्रहात मोडत नाही.