थंडीत एटीव्ही का अडते, त्यामागचा इतिहास

ऑल-टेरेन गाडी, म्हणजे सगळे जिला एटीव्ही म्हणतात ती, मुळात जन्माला आली हिवाळ्यासाठी. १९६७ मध्ये होंडाच्या अमेरिकेतल्या शाखेनं जपानमधल्या इंजिनिअरांकडे मागणी केली, की हिवाळ्यात मोटरसायकलींचा खप बसतो, तेव्हा डीलरना विकता येईल असं काहीतरी बनवून द्या. ओसामू ताकेउची यांच्या गटानं दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत नाना आराखडे करून पाहिले. बर्फात आणि चिखलात तीन चाकं आणि कमी हवेचे फुगीर टायर सगळ्यात चांगले चालतात, असं त्यांना दिसलं. १९७० मध्ये यूएस९० बाजारात आली, पुढे तिचंच नाव एटीसी९० झालं. ८९ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, ताकद ७ अश्वशक्तीची, आणि सुरू करायला ओढायची दोरी.

बर्फासाठी काढलेली ही गाडी बर्फाच्या दिवसांतच सुरू व्हायला कुरकुर करते. याची कारणं एटीव्हीपेक्षा खूप जुनी आहेत. गेल्या सव्वाशे वर्षांत थंड इंजिनावर एकामागून एक उपाय निघाले, पण प्रत्येक उपायानंतर अडचण एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसली. म्हणून समोरची गाडी कुठल्या काळातली आहे हे नीट पाहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात पेट्रोलपासून करावी लागते. पेट्रोल द्रव असताना जळत नाही, जळते ती त्याची वाफ. तीसुद्धा हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेटते. पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण आहे, त्यातले हलके घटक थंडीतही उडतात, जड घटक तसेच द्रव राहतात आणि इनटेकच्या, म्हणजे हवा-पेट्रोल इंजिनात जाण्याच्या वाटेच्या, थंड भिंतींना चिकटून बसतात. म्हणजे कार्बोरेटरनं, हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागानं, मोजून बरोबर पेट्रोल सोडलं, तरी प्लगपाशी पोचणाऱ्या मिक्श्चरमध्ये वाफ कमीच निघते. यावर एकच वाट उरते, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल सोडायचं, म्हणजे त्यातला हलका भाग तरी पेटण्याइतका जमेल.

कार्ल बेंझच्या पहिल्या मोटारीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा ओढून घेणारा कार्बोरेटर होता, तो पूर्णपणे आपोआप होणाऱ्या बाष्पीभवनावर अवलंबून असे. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी बारीक छिद्रातून फवारा उडवणारा कार्बोरेटर आणला. त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही फवाऱ्याच्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. फवारा आला तरी थंडी राहिलीच. म्हणून जुन्या इंजिनांच्या डोक्यावर छोट्या तोट्या असत. चालक त्यात हातानं थोडं पेट्रोल ओतायचा आणि मग हँडल मारायचा. त्यानंतर चोक आला. कार्बोरेटरच्या तोंडावर एक पडदा लावायचा, हवा अडवायची, म्हणजे आतली ओढ वाढते आणि जेटमधून, पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल जास्त येतं.

एटीव्हीवाल्यांची फसगत नेमकी इथं होते. कार्बोरेटरच्या बऱ्याच एटीव्हींवर ज्याला सगळे चोक म्हणतात तो पडद्याचा चोक नसतोच. तिथं एक छोटा प्लंजर असतो. तो वर उचलला की पेट्रोलची एक वेगळी वाट उघडते आणि ती थ्रॉटलच्या, म्हणजे वेग वाढवणाऱ्या झडपेच्या, मागे, इंजिनाच्या बाजूला निघते. तिथून पेट्रोल ओढलं जायला थ्रॉटल बंद हवा, तेव्हाच त्या जागी पुरेशी ओढ तयार होते. थ्रॉटल थोडा दाबला की ती ओढ पडते, जादा पेट्रोल थांबतं आणि इंजिन पेटता पेटता विझतं. एटीव्हीचा थ्रॉटल अंगठ्याचा. सेल्फ मारताना किंवा दोरी ओढताना अंगठा नकळत दाबला जातो. चांगली गाडी केवळ या एका सवयीमुळे तासभर अडलेली मी पाहिली आहे. पडद्याचा चोक असेल तर थोडा थ्रॉटल उलट मदत करतो. तेव्हा आपल्या गाडीवर यातला कोणता आहे, हे हिवाळ्याआधीच उघडून पाहावं.

यानंतर साक्ष घ्यायची ती प्लगची. बऱ्याच वेळा सेल्फ मारून काढलेला प्लग कोरडा निघाला, तर पेट्रोल पोचत नाही. ओला निघाला, तर पेट्रोल आहे पण ठिणगी कमी पडते, किंवा चोक जास्त वेळ ओढून ठेवल्यानं इंजिन फ्लड झालं, म्हणजे पेट्रोलनं तुंबलं आहे. फ्लड झालेल्या कार्बोरेटरच्या इंजिनाला चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि तसंच काही वेळ फिरवणं, हा जुना उपाय आजही खरा आहे.

कोरड्या प्लगमागे पुष्कळदा पायलट जेट, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल सोडणारा छोटा जेट, तुंबलेला असतो. त्याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. एटीव्ही महिनोन्‌महिने उभी राहते, फ्लोटच्या वाटीतलं, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या छोट्या साठ्यातलं, पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकट थर राहतो. मग लक्षण असं दिसतं, की चोकवर सुरू होते आणि चोक सोडला की लगेच बंद पडते. लोक थंडीला दोष देतात. खरा दोष मागच्या हंगामातल्या शिळ्या पेट्रोलचा असतो, थंडीनं फक्त तो उघडा पाडलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे थंड प्रदेशांत रिफायनरी हिवाळ्यात पेट्रोलमध्ये ब्युटेनसारखे हलके घटक वाढवतात. उन्हाळ्यात भरलेलं पेट्रोल टाकीत तसंच असेल, तर हिवाळ्याच्या सकाळी वाफ कमीच मिळणार.

इथेनॉलनं यात भर घातली. त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. ब्राझीलमध्ये १९७९ पासून शुद्ध इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारी आल्या, तेव्हा थंड सकाळी सुरू करण्यासाठी त्यांत पेट्रोलची वेगळी छोटी टाकी द्यावी लागली होती. थोड्या इथेनॉलनं एवढं अडत नाही. मात्र असं पेट्रोल ओलावा धरून ठेवतं आणि तापमान उतरलं की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाला बसतात. इंधन नेमकं तळातूनच ओढलं जातं.

कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो तो मात्र कडाक्याच्या थंडीत नव्हे. हवा दमट आणि तापमान शून्याच्या थोडं वर, असे दिवस त्याला जास्त मानवतात. पेट्रोल उडताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं आणि हवेतला ओलावा आतच गोठतो. गाडी सुरू होते, दहा मिनिटं चालते, मग गुदमरते. थोडा वेळ उभी ठेवली की इंजिनाच्या उबेनं बर्फ वितळतो आणि दोष सापडत नाही. म्हणून काही एटीव्हींच्या कार्बोरेटरला हीटर दिलेले असत.

आता ऑइल. अमेरिकेतल्या एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेनं इंजिन ऑइलचं पहिलं वर्गीकरण १९११ मध्ये केलं. पुढे हिवाळ्यासाठी डब्ल्यूचे ग्रेड आले आणि १९५० च्या दशकात मल्टिग्रेड, म्हणजे थंडी-उष्णता दोन्हींत चालणारी, ऑइल सर्रास मिळू लागली. आजच्या मोजणीत १०डब्ल्यू ऑइलचा थंडीतला घट्टपणा उणे २५ अंशांना तपासतात, ५डब्ल्यूचा उणे ३० आणि ०डब्ल्यूचा उणे ३५ अंशांना. घट्ट ऑइलात इंजिन जड फिरतं, आणि पुष्कळ एटीव्हींत क्लच आणि गिअर त्याच ऑइलात बुडालेले असतात, त्यामुळे भार आणखी वाढतो. अतिथंड भागांतल्या वैमानिकांनी हे फार आधी ओळखलं होतं. ते रात्री ऑइल काढून घरात नेत आणि सकाळी गरम करून परत भरत. नॉर्थ डकोटाचे अँड्र्यू फ्रीमन यांना १९४९ मध्ये इंजिनाच्या हेड बोल्टच्या जागी बसणाऱ्या विजेच्या हीटरचं पेटंट मिळालं. इंजिनच रात्रभर उबदार ठेवायचं, हा विचार मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण तो रोगाच्या मुळालाच हात घालतो.

सेल्फचा इतिहास चार्ल्स केटरिंग यांच्यापासून सुरू होतो. दुकानातल्या कॅश रजिस्टरला, म्हणजे गल्ल्याच्या यंत्राला, त्यांनी आधी विजेची मोटर बसवली होती. थोड्या क्षणांसाठी छोट्या मोटरवर मोठा भार टाकला तरी ती जळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तीच कल्पना १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ म्हणून आली. एटीव्हीवर सेल्फ आला तो जवळपास सत्तर वर्षांनी, आणि पुष्कळ वर्षं दोरी त्याच्या जोडीला राहिली.

सेल्फबरोबर अडचण बॅटरीत गेली. गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचं रसायन आजही तेच आहे, आणि थंडीत ते मंदावतं. इंजिन जेव्हा सर्वाधिक जोर मागतं, तेव्हाच बॅटरीचा जोर आटलेला असतो. बॅटरीवर लिहिलेला सीसीए, म्हणजे थंडीत इंजिन फिरवण्याच्या करंटचा, आकडा उणे १८ अंशांवरचा आहे. तेवढा करंट ३० सेकंद देऊनही व्होल्टेज ७.२ च्या खाली जाता कामा नये, असा त्याचा अर्थ. एटीव्हीची बॅटरी मोटारीच्या बॅटरीपेक्षा लहान, आणि छोट्या छोट्या फेऱ्यांत ती पूर्ण भरतही नाही. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं उणे १० च्या आसपासच गोठतं. गोठलेल्या बॅटरीला चार्जर कधीच लावू नये, ती फुटू शकते. उभ्या गाडीवर १२.६ च्या वर व्होल्ट हवेत, आणि १२.४ च्या खाली असतील तर बाकीचं काही उघडण्याआधी बॅटरी चार्ज करावी.

टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा, दोष कुणाच्या सहसा लक्षात येत नाही. व्हॉल्व्ह झिजून सीटमध्ये खोल बसत गेला की टॅपेटची फट कमी होते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, सेल्फवर कॉम्प्रेशन धरत नाही आणि थंड इंजिन पेटत नाही. तीच गाडी ढकलली किंवा ओढली तर चालू होते, गरम झाल्यावर निमूट चालते. कार्बोरेटर तीनदा साफ करूनही गुण येत नसेल, तर फीलर गेज, म्हणजे फट मोजण्याच्या पट्ट्या, काढावा.

२००० च्या दशकात एटीव्हीवर फ्युएल इंजेक्शन पसरलं. मोटारींत बॉशची डी-जेट्रॉनिक प्रणाली १९६७ मध्येच आली होती, तीत थंड इंजिनासाठी जादा पेट्रोल सोडण्याची सोय होती. एटीव्हीत तेच काम तापमानाचा सेन्सर आणि कंट्रोल युनिट करतात. चोक गेला, पायलट जेट गेला आणि त्यांच्याबरोबर अर्धी डोकेदुखीही गेली. पण पंप, इंजेक्टर आणि कंट्रोल युनिट सगळे एकाच बॅटरीवर जगतात. सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं, तर इंजिन फिरताना दिसतं, ऐकू येतं, आणि तरी पेटत नाही. मालक इंजेक्टरवर संशय घेतो. अशा गाडीत चावी फिरवून पंपाचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहावी, मग सेल्फ मारावा, आणि मारत असतानाच बॅटरीच्या टोकांवर मीटर धरावा. आकडा साधारण साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर आधी बॅटरी, मग तिचे टर्मिनल आणि अर्थिंगची केबल. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी असेल तर सेल्फआधी मिनिट-दोन मिनिटं हेडलाइट लावून ठेवावा. तेवढ्या करंटनं ती आतून ऊब धरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला पहिल्यापेक्षा जोरात फिरते. शून्याखाली तिला चार्जिंग मात्र सोसत नाही.

आजच्या बऱ्याच मोठ्या एटीव्हींवर दोरी उरलेली नाही. लांब बर्फात जाणारे म्हणून बूस्टर, म्हणजे गाडी सुरू करायला जोडायची छोटी जादा बॅटरी, सोबत ठेवतात, आणि तो थंडीत बसू नये म्हणून निघताना जॅकेटच्या आतल्या खिशात घालतात.