जर्मनीत शिक्षण फुकट?

"जर्मनीत शिक्षण फुकट, फक्त विमानाचं तिकीट काढा" हा मेसेज नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. यात अर्धं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात. खासगी विद्यापीठं तर पूर्ण फी घेतात.

मोठी रक्कम लागते ती व्हिसाला. स्कॉलरशिप नसेल तर बहुतेकांना वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा) आधीच 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये भरावे लागतात. ते बुडत नाहीत, तिथे दरमहा ९९२ युरो तुम्हालाच मिळतात. ऑक्टोबरच्या सत्रासाठी द्राक्षांचे पैसे मार्च-एप्रिलातच बाजूला काढलेले बरे.

पडताळणी सोपी आहे: विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ट्यूशन फी आणि सेमिस्टर शुल्क (ट्यूशन फी नसली तरी दर सत्राला भरायची छोटी रक्कम) वेगवेगळं पाहा, ब्लॉक्ड अकाउंटचा चालू आकडा दूतावासाच्या पानावर.