ड्रॉपडाउनचा लूप आणि ‘सिलेक्टेड’चा गुंता

टेम्पलेटमध्ये, म्हणजे वेबपानाच्या साच्यात, लूप (तोच कोड प्रत्येक नोंदीसाठी पुन्हा चालवणारी रचना) फिरवून ड्रॉपडाउनचे, म्हणजे उघडणाऱ्या निवड-यादीचे, पर्याय काढायचे काम चार ओळींचे आहे, आणि गेल्या तीस वर्षांत त्या चार ओळी फारशा बदललेल्या नाहीत. बदलत राहिला तो एकच भाग: यादीतला कोणता पर्याय आधीपासून निवडलेला दिसावा, हे कुठे आणि कसे लिहायचे. या विषयातल्या बहुतेक चुका तिथेच होतात.

‘सिलेक्ट’ (यादी) आणि ‘ऑप्शन’ (पर्याय) हे टॅग नोव्हेंबर १९९५च्या एचटीएमएल २.० मध्येच होते. त्या काळी सर्व्हरवरचा पर्ल भाषेतला प्रोग्राम ओळीमागून ओळ छापून यादी तयार करी. १९९६पासून ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टने नवे पर्याय जोडता येऊ लागले. मग पीएचपी, एएसपी, जेएसपी ही सर्व्हरवर पाने तयार करणारी तंत्रे आली आणि पानाच्या मधोमध लूप लिहिण्याची पद्धत पक्की झाली.

‘सिलेक्टेड’ ही खूण मात्र सुरुवातीपासून पर्यायावर लिहायची ठरली, यादीवर नाही. त्यामुळे लूपच्या प्रत्येक फेरीत ‘हाच का तो?’ असा प्रश्न विचारावा लागतो. त्यात या खुणेचे व्याकरणही वेगळे. एचटीएमएल ४ पर्यंतच्या नियमांत नुसते ‘सिलेक्टेड’ लिहिले, तर ते ॲट्रिब्यूटचे (टॅगवर लिहिलेल्या गुणधर्माचे) नाव नसून त्याची किंमत (व्हॅल्यू) होती. नाव गाळायची सवलत होती, इतकेच. २०००च्या एक्सएचटीएमएलने, म्हणजे एचटीएमएलच्या काटेकोर रूपाने, ती सवलत काढून घेतली आणि सगळीकडे सिलेक्टेड="सिलेक्टेड" असे जोडशब्द दिसू लागले. एचटीएमएल ५ने नियम पुन्हा सैल केला: ॲट्रिब्यूट आहे म्हणजे ‘हो’, नाही म्हणजे ‘नाही’. ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ लिहायला परवानगीच नाही. पण लिहिले तर ब्राउझर तक्रार करत नाही, दोन्हीचा अर्थ ‘हो’ असाच धरतो.

हा निर्णय लूपला महागात पडला. तुलनेचा निकाल थेट अवतरणचिन्हांत टाकला, तर एका पर्यायावर सिलेक्टेड="ट्रू" आणि उरलेल्या सगळ्यांवर सिलेक्टेड="फॉल्स" येते. ब्राउझरच्या लेखी सगळेच निवडलेले. एकच निवड चालणाऱ्या यादीत अशा वेळी शेवटचा पर्याय जिंकतो. म्हणून काहीही निवडले तरी पान परत उघडल्यावर यादीतला शेवटचाच पर्याय दिसत असेल, तर डेटाबेस तपासत बसू नका. पानाचा सोर्स उघडा आणि ‘सिलेक्टेड’ किती ठिकाणी आले ते मोजा. दुरुस्ती सोपी आहे: अख्खे ॲट्रिब्यूटच अटीच्या आत ठेवायचे, फक्त त्याची किंमत नाही.

याच्या उलट लक्षण म्हणजे नेहमी पहिलाच पर्याय दिसणे. त्याचे मूळ बहुधा वेगवेगळ्या प्रकारांच्या मूल्यांच्या तुलनेत असते. जँगो या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये पत्त्यातून आलेले मूल्य सहसा स्ट्रिंग (मजकूर) असते आणि रेकॉर्डचा क्रमांक पूर्णांक. टेम्पलेटमध्ये "७" आणि ७ यांची तुलना खोटी ठरते, एररही येत नाही, आणि खूण कुठल्याच पर्यायावर उमटत नाही. मूल्य व्ह्यूमध्येच, म्हणजे टेम्पलेटला माहिती पुरवणाऱ्या जँगोच्या कोडमध्येच, पूर्णांकात बदलून पाठवणे हा उत्तम उपाय. टेम्पलेटमध्येच निभवायचे असेल, तर ‘स्ट्रिंगफॉरमॅट’ फिल्टरने क्रमांकाची स्ट्रिंग करून ‘विथ’ टॅगमध्ये ठेवायची आणि मग तुलना करायची. जिंजा या दुसऱ्या टेम्पलेट भाषेत ‘स्ट्रिंग’ फिल्टर पुरतो.

पीएचपीत त्रास दुसऱ्या टोकाचा. दोन बरोबर-चिन्हांची तुलना इतकी उदार आहे की मूल्य नल (काहीच नाही) असताना ० या किमतीचा पर्याय निवडला जातो. "०१" आणि "१" या दोन वेगळ्या कोडांनाही ती एकच समजते, कारण दोन्ही स्ट्रिंग अंकांच्या असल्या की तुलना संख्या म्हणून होते. २०२०च्या पीएचपी ८ने ० आणि अक्षरी स्ट्रिंग यांची तुलना सुधारली, पण ही दोन उदाहरणे अजून तशीच आहेत. प्रकारही तपासणारी तीन बरोबर-चिन्हे वापरावीत, तर ॲरेच्या की (नोंदींची नावे) आडव्या येतात: ‘७’ ही की आपोआप पूर्णांक होते, ‘०७’ मात्र स्ट्रिंगच राहते. मग एकाच यादीतले काही पर्याय बरोबर निवडले जातात आणि काही कधीच नाही. म्हणून दोन्ही बाजू आधी स्ट्रिंगमध्ये बदला आणि मगच तीन चिन्हांची तुलना करा.

कुठलीच खूण नसेल तर काय दिसावे, यावरही नियम दोनदा फिरला. १९९५च्या नियमात पहिला पर्याय. एचटीएमएल ४ने हे अनिश्चित सोडले, कारण ब्राउझर वेगवेगळे वागत होते. एचटीएमएल ५मध्ये, बंद (‘डिसेबल्ड’) नसलेला पहिला पर्याय. ऐकायला निरुपद्रवी वाटते, पण नोंद दुरुस्त करण्याच्या फॉर्ममध्ये यामुळेच माहिती बिघडते. जुन्या नोंदीत साठवलेला विभाग आता बंद झालेला असतो, लूप फक्त चालू विभागांवर फिरतो, साठवलेली किंमत यादीत सापडत नाही आणि पहिला विभाग निवडलेला दिसतो. वापरणारा दुसरेच काही दुरुस्त करून ‘सेव्ह’ दाबतो आणि विभाग गुपचूप बदलतो. यादीसाठी डेटाबेसला विचारायच्या क्वेरीत चालू विभागांबरोबर त्या नोंदीचा स्वतःचा विभागही घ्यायलाच हवा. शिवाय लूपच्या आधी, लूपच्या बाहेर, रिकाम्या किमतीचा ‘निवडा’ हा पर्याय हाताने लिहावा. ‘सिलेक्ट’वर ‘रिक्वायर्ड’ (भरणे सक्तीचे) असले की तो पर्याय निवडलेला असताना ब्राउझर फॉर्म पुढे जाऊ देत नाही.

२०१०नंतर लूप ब्राउझरमध्ये गेला आणि खुणेची जागा अखेर बदलली. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत निवडलेली किंमत ‘सिलेक्ट’वरच द्यायची, पर्यायावर ‘सिलेक्टेड’ लिहिले तर इशारा मिळतो. व्ह्यू (Vue) या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये निवड डेटाशी जोडणारे ‘व्ही-मॉडेल’ असेल तर पर्यायावरची खूण दुर्लक्षित होते. मुळापासून हेच असायला हवे होते, असे आमचे स्पष्ट मत आहे: निवड हा यादीचा गुण आहे, पर्यायाचा नाही. जुने प्रश्न तरीही पूर्ण सुटले नाहीत. पहिल्या पिढीच्या अँग्युलर या फ्रेमवर्कमध्ये किंमत यादीत नसली की वर एक रिकामा पर्याय उगवे, आणि १.४ आवृत्तीपासून ‘एनजी-ऑप्शन्स’ने काढलेल्या पर्यायांत नुसत्या आकड्याऐवजी ‘नंबर:३’ अशी किंमत येऊ लागली. साधा फॉर्म सबमिट करणाऱ्यांचे सर्व्हर त्यावर अडखळले. रिॲक्टमध्ये पूर्णांक दिला तरी योग्य पर्याय दिसतो, पण बदल झाल्यावर हाती येते ती स्ट्रिंग, आणि पुढची काटेकोर तुलना फसते. व्ह्यूमध्ये (Vue) पर्यायाची किंमत बाइंड केली, म्हणजे डेटाशी जोडली, असेल, तर तिचा मूळ प्रकार टिकतो.

एस्केपिंगचा, म्हणजे मजकुरातली खास चिन्हे निष्प्रभ करण्याचा, प्रश्न टेम्पलेटांनी बराचसा मिटवला. जँगोने २००८च्या १.० आवृत्तीत आणि रूबी भाषेच्या रेल्सने २०१०च्या तिसऱ्या आवृत्तीत ते आपोआप केले. साध्या पीएचपीत मात्र किंमत आणि मजकूर दोन्ही हाताने एस्केप करावे लागतात. नाही तर नावातले एखादे अवतरणचिन्ह ॲट्रिब्यूट मध्येच तोडते.

२०२५मध्ये काही ब्राउझरांत पर्यायांना मनासारखे रूप देता येऊ लागले. त्यासाठी पार्सरचा (ब्राउझरच्या एचटीएमएल वाचणाऱ्या भागाचा) जुना नियमच बदलला: आधी ‘सिलेक्ट’च्या आत चित्र किंवा ‘स्पॅन’ टाकले, तर टॅग गळून पडत आणि उरे तो नुसता मजकूर. आता लूपच्या प्रत्येक फेरीत चित्र, नाव आणि उपशीर्षक असे तिन्ही काढता येते. जुन्या ब्राउझरांत नाव आणि उपशीर्षक एका ओळीत सलग दिसतील, तेव्हा दोघांमध्ये विरामचिन्ह किंवा मोकळी जागा ठेवा. ‘व्हॅल्यू’ही न चुकता लिहा, ती नसली की तो सगळा सलग मजकूरच किंमत म्हणून सर्व्हरकडे जातो.